मदत हवी आहे: शिडाच्या फायबर बोटीत पाणी भरते, अर्जंट

गोसेकाठ: सेकंडहँड लेझर आहे, एकट्यानं चालवायची छोटी शिडाची बोट. तासाभरात जड होते, वळतच नाही. रविवारी गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला न्यायची आहे. काय लावू? एमसील चालेल का?

रेझिनवाला: कुठून भरते ते सांगा ना भाऊ. कॉकपिटात साचते की आतल्या पोकळीत? मागचं बूच काढल्यावर किती निघते? कोरडी बोट सुमारे ५९ किलोची, दोघांना सहज उचलता आली पाहिजे.

गोसेकाठ: आत. बादलीभर निघते. काय लावू ते सांगा.

उलटावारा: लावायचं नंतर. आधी डोलकाठीची खोबणी पाण्यानं काठोकाठ भरा. दहा मिनिटांत पातळी उतरली तर गळती तिथंच. खोबणीत वाळू पडते, काठी फिरते, वाळू तळ घासत राहते. तशीच जोराच्या वाऱ्यात नेली तर काठी डेक फाडून निघते. दुसरी जागा डॅगरबोर्डची, म्हणजे तळातून पाण्यात खाली सरकवायच्या फळीची खाच. बॅकवॉटरमध्ये बुडालेल्या झाडांची खुंटं असतात. बोर्ड आदळला की खाचेच्या मागच्या, खालच्या कोपऱ्याला तडा जातो.

धापेवाडी: शीड कायले पायजे राजेहो? बारा व्होल्टची बॅटरी अन् ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोट ढकलणारी छोटी विजेची मोटर लावा, आरामात मासे पकडा.

उलटावारा: मग लेझर कशाला, डोंगाच बरा. हिचा मागचा तळ सपाट आहे, वारा लागला की पाण्यावर उचलून पळते. ब्रूस कर्बीनं ती गाडीच्या टपावर नेता येईल अशीच आखली. शीड एकच, ७.०६ चौरस मीटर; काठी दोन तुकड्यांची. हलक्या माणसानं छोटं शीड अन् खालचा आखूड तुकडा लावला की तीच बोट त्याला झेपते.

गोसेकाठ: खोबणीतलं पाणी उतरलं. आता?

रेझिनवाला: खोबणीजवळ डेकला पाच इंची झाकणाचं भोक पाडा, पंखा लावून आतून खडखडीत वाळवा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, अॅसिटोननं पुसा. मग ३०० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे तीन थर, पॉलिस्टर रेझिन. हार्डनर किलोला १० मिली. ४२ अंशांत तेवढ्यानंही डब्यातच जमते, म्हणून पहाटे करा, एका वेळी पाव किलोच कालवा. कोबाल्ट (रेझिन लवकर जमवणारं द्रावण) अन् हार्डनर थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. कूलर-टाकीवाल्या फायबर कारखान्यात सगळं मिळते.

दोनभाग_एकभाग: पिकलेल्या जुन्या पॉलिस्टरवर नवं पॉलिस्टर कमी धरते. इपॉक्सी घ्या, ते वेगळं, जास्त घट्ट धरणारं रेझिन. फक्त मॅट नको, तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं विरघळतो अन् इपॉक्सीत ते नसतेच. विणलेलं कापड वापरा.

रेझिनवाला: महागही, अन् वर जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, नीट धरत नाही.

दोनभाग_एकभाग: डेकच्या आत जेलकोट पाहायला कोण जाते?

उलटावारा: तुमचं चालू द्या. गोसेकाठ, कॉकपिटच्या पुढच्या भिंतीत वर एक बारीक भोक असते. गळतं समजून ते एमसीलनं बुजवू नका. उन्हात आतली हवा फुगते, वाट मिळाली नाही तर डेक अन् तळाचा जोड उकलतो. काठावर बूच काढून सावलीत ठेवा. अन् रविवार विसरा, खोबणीवर जोर यायच्या आधी आठवडा जाऊ द्या.

गोसेकाठ: आठवडा??

कोरडवाहू: मोटरचं बोला ना. ३० पौंड थ्रस्टच्या, म्हणजे तेवढ्या जोरानं ढकलणाऱ्या मोटरला बॅटरी कितीची?

धापेवाडी: फुल स्पीडला ३० अँपिअरच्या आसपास खाते. १०० एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीवर हिशेबानं तीन तास, पण लेड-अॅसिड असेल तर अर्धेच धरा, नाहीतर प्लेटा बसतात.