सिनेमातला डायनासोर पोरांच्या डोक्यातून कसा काढायचा?

बोरिवलीची_आई:
मुलगी दुसरीत आहे, डायनासोरचं प्रचंड वेड. ज्युरासिक पार्क टीव्हीवर लागला की जागची हलत नाही. परवा एका पुस्तकात वेलोसिरॅप्टरचं (सिनेमातला तो चपळ शिकारी, रॅप्टर) पिसं असलेलं चित्र दाखवलं तर म्हणाली हे खोटंय, रॅप्टर असा नसतोच, आणि पुस्तक मिटून टाकलं. तिचं वेड मला मोडायचं नाहीये पण खरं काय ते कळायला हवं ना, काय सांगू?

हाडं_आणि_दगड:
ताई, हे मोठ्यांनाही पटत नाही. खरा वेलोसिरॅप्टर शेपटी धरून जेमतेम २ मीटर, उंचीला आपल्या कमरेपेक्षाही कमी. सिनेमातला माणसाएवढा आहे तो खरं तर डायनोनिकस या त्याच्या मोठ्या जातभाईवर बेतलेला, नाव तेवढं वेलोसिरॅप्टरचं. पिसांचं म्हणाल तर सिनेमा १९९३ चा, चीनमधला पिसांच्या खुणा असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स जगापुढे आला १९९६ ला, आणि वेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुतायच्या गाठी सापडल्याचं २००७ मध्ये छापून आलं. म्हणजे पहिल्या सिनेमाला दोष देता येत नाही, पण नंतरच्या भागांतही जवळजवळ तेच रूप चालू ठेवलं याचा मला खरंच राग येतो. आणि तो विष थुंकणारा, मानेभोवती पंखा फुलवणारा डायलोफोसॉरस? विष आणि पंखा दोन्ही सिनेमावाल्यांची कल्पना, पुरावा काहीच नाही.

दादरकर७८:
मान्य, पण सिनेमाला नुसत्या शिव्या नकोत. त्याआधी डायनासोर म्हणजे शेपूट जमिनीवर ओढत चालणारा मंद, सुस्त प्राणी असंच लोकांना वाटायचं. शेपूट उचलून धावणारा चपळ प्राणी सामान्य माणसाने पहिल्यांदा तिथेच बघितला, आणि ते तेव्हाच्या संशोधनाला धरून होतं.

वरोऱ्याचा_मुंबईकर:
मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आयसीसॉरस सापडला, लांब मानेचा, झाडपाला खाणारा, पण इथल्या पोरांना टी-रेक्स तोंडपाठ आणि याचं नावही माहीत नाही कारण तो कुठल्या खेळण्यात नाही की कार्टूनमध्ये नाही. आणि आमच्याकडेच पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले मिळतात, त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले, २००५ ला ते प्रसिद्ध झालं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच असं धरून चालायचे, चित्रांतही काढत नसत! ताई, पिसांवरून वाद घालत बसू नका, आधी हे शेणाचं सांगा, दुसरीतली पोरगी खिदळत ऐकेल. मग विचारा, शास्त्रज्ञांना चित्रं बदलावी लागली तर रॅप्टरचं का नाही बदलायचं?

बोरिवलीची_आई:
शेणाचं आजच सांगते 😀 आयसीसॉरसचं चित्र कुणाकडे असेल तर टाका ना, प्रिंट काढून तिच्या कपाटावर लावते.