भंगारातली पांढरट फळी: मेपल आहे का?

अमळनेरचा सुतार: राम राम मंडळी. जळगावच्या भंगारातून परदेशी टेबलाच्या चार फळ्या उचलल्या. रंधा मारला तर आत सायीसारखं लाकूड. सागासारखी छिद्रं दिसतच नाहीत. वडील म्हणतात, हळदू. पण हळदू पिवळं असतं ना? कापताना कडाही काळ्या पडल्या, घरभर जळका वास.

धुळेकर: टोकाचा आडवा छेद पटाशीने साफ करा, भिंगातून बघा. बारीक छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली आणि फळीवर तपकिरी बारीक टिकल्या असतील तर बहुधा मेपल, थंड देशांतलं झाड. मग पाण्यात हिराकस (लोहाचा क्षार) विरघळवून थेंब टाका. हिरवट डाग म्हणजे कठीण मेपल, निळा-काळा म्हणजे मऊ. कठीण मेपलची जँका (लाकडाच्या कडकपणाचं माप) १४५०, सागाची १०७०च्या आसपास. पातं बोथट असलं किंवा फळी मध्येच थांबली की जळणारच.

अमळनेरचा सुतार: हिरवट आला! आता सागवानी रंग देऊ?

धुळेकर: नका हो, चट्टे पडतात. द्यायचाच तर आधी पातळ चपडीचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) हात, आणि तुकड्यावर करून बघा.

अमळनेरचा सुतार: पाटच करतो, बिनरंगाचा. वडील अजून हळदूच म्हणताहेत.