बाल्कनीतल्या स्ट्रॉबेरीची फळं वेडीवाकडी येताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत सहाव्या मजल्यावर राहते. पूर्वेची बाल्कनी आहे, ऊन साधारण अकरापर्यंत. ऑक्टोबरअखेर महाबळेश्वरहून आलेली विंटर डॉन जातीची रोपं लावली आहेत. कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी लाल माती. रोपाचा गाभा मातीच्या वरच ठेवलाय, त्यामुळे कुजण्याचा प्रश्न नाही.

पानं छान आहेत, फुलंही भरपूर. पण फळ एका बाजूने फुगतं आणि दुसरी बाजू कडक, बियाळ राहते. मला वाटतं परागीभवन अपुरं पडतंय, कारण इतक्या उंचावर मधमाशी क्वचितच फिरकते. (कबुतरं मात्र न बोलावता हजर!) आता मऊ ब्रश फुलांवरून फिरवायला लागले आहे. कुणी असं करत असेल तर सांगा ना, सकाळी कधी फिरवता? त्याच फुलावर रोज, की एकदा पुरे?

दुसरं म्हणजे रनर, रोपाला फुटणाऱ्या आडव्या वेली, ज्यांच्या टोकाला नवी पिल्लं धरतात. सध्या छाटतेय, जोर फळाकडे जावा म्हणून. फेब्रुवारीनंतर ठेवले तर ती पिल्लं आपल्या उन्हाळ्यात आणि मग पावसात तगतील? महाबळेश्वर 1,300 मीटरच्याही वर, आपण खाडीकाठी, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ठाणे-नवी मुंबईत कुणी रोपं पुढच्या हंगामापर्यंत जगवली आहेत का? हिरवी जाळी किती टक्के सावलीची लावली होती?

"दरवर्षी नवीन रोपं घ्या" हे नर्सरीवाल्याने सांगून झालंय, तेवढं सोडून बोला.