मार्बलिंगचा रंग कागदावर टिकत नाही, मदत हवी आहे

नाशिकमध्ये घरीच वह्या बांधते. पुठ्ठ्याला आतून लावायला मार्बलिंगचे कागद करते आहे, म्हणजे दाट पाण्यावर रंग तरंगवून त्यांची नक्षी कागदावर उचलायची. कॅराजीननचं (समुद्री शेवाळापासूनची, पाणी दाट करणारी पूड) पाणी रात्रभर मुरवलेलं, वर पातळ केलेले ॲक्रिलिक रंग. रंग छान पसरतात, बुडत नाहीत, कंगव्याची नक्षीही सुबक उठते. कागद उचलतानाही सगळं जागेवर असतं. पण वरचा चिकट थर धुतला की रंग पिठासारखा सुटून वाहून जातो.

रंग धरून राहावा म्हणून कागदाला आधी तुरटीचं पाणी लावून वाळवते. तुरटी वाढवून पाहिली, बोअरचं सोडून फिल्टरचं पाणी घेतलं, रंगही बदलले. फरक शून्य. मात्र साध्या तपकिरी क्राफ्ट कागदावर, त्याच ट्रेमधून, रंग पक्का बसतो. म्हणून संशय मी वापरते त्या पांढऱ्या कार्ट्रिज कागदावरच (चित्रकलेचा जाड कागद) आहे. अशा कागदात कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि ते तुरटीला निकामी करतं, असं वाचलंय.

तेलरंग आणि टर्पेंटाइन नको, घरात लहान मूल आहे. क्राफ्टवर फिके रंग उठत नाहीत, त्यामुळे कागद पांढराच हवा.

कॅल्शियम कार्बोनेट नसलेला पांढरा कागद नाशिकात सुटा कुठे मिळेल? आणि विकत घेण्याआधी दुकानातच तो ओळखायचा कसा?