संध्याकाळी सातचा भोंगा आपल्या सोसायटीत वाजवावा का?

कोथरूडची_आई:
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. मग साडेआठपर्यंत गावात टीव्ही-मोबाइल बंद. करोनात शाळा मोबाइलवर आली, नंतर वर्गात परतली, पण मोबाइल पोरांच्या हातातच राहिला. म्हणून ग्रामसभेने हे ठरवलं.

आमच्या सोसायटीतही हे व्हावं असं मला वाटतं. एकट्या घराने फोन काढून घेतला की "सगळ्यांकडे आहे, मलाच नाही" सुरू होतं. सगळ्यांचाच बंद असेल तर भांडायला कारण उरत नाही. बोला.

वाकडा_विचार:
ताई, गावात ग्रामसभेचा शब्द चालतो, अंगणवाडीसेविका घरोघर जाऊन समजावतात. आपल्याकडे पार्किंगचा नियम कोणी पाळत नाही. शिवाय सात वाजता निम्मे आईबाप हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असतात. भोंगा ऐकणार कोण, वॉचमन? आणि क्लासचे व्हिडिओ, नोट्स सगळं फोनवरच येतं.

साताऱ्याचे_मास्तर:
"अभ्यासाला लागतो" हे मी रोज ऐकतो. शिक्षणावरच्या 'असर' अहवालाची २०२४ ची ग्रामीण पाहणी बघा. १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरता येतो म्हणाली. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला होता, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. म्हणजे अभ्यास होतो, नाही असं नाही. पण फोन हातात आल्यावर आधी काय उघडलं जातं, हे वर्गात पहिल्या तासाला पेंगणारे चेहरे सांगतात.

अकरावी_सायन्स:
काका, मी त्या पेंगणाऱ्यांपैकीच. माझा भोंग्याला विरोध नाही, फक्त आमच्यासाठी वाजवायला आहे. त्याच २०२२ मध्ये यवतमाळच्या बांशी गावाने ठराव केला: १८ वर्षांखालच्यांना मोबाइल बंद, वापरला तर २०० रुपये दंड. मोठ्यांना काहीच नाही! वडगावात निदान घरातला टीव्हीपण बंद होतो, म्हणजे आजीची मालिकाही गेली. आमच्याकडे पप्पा जेवताना रील्स बघतात, आवाज मोठा ठेवून, आणि मला म्हणतात फोन ठेव.

वाकडा_विचार:
पप्पा दिवसभर राबून आलेत रे. कमावणारा आणि शिकणारा एका तराजूत कसे?

अकरावी_सायन्स:
मग तसं सांगा ना, माझ्या डोळ्यांची काळजी कशाला पुढे करता :)

मेलबर्नकर:
आमच्याकडे सरकारनेच भोंगा वाजवलाय. १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे दंड मुलांना नाही, आईबापांनाही नाही. तो कंपन्यांना, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅप यातून वगळलंय. यूट्यूब लॉगिन न करता बघता येतंच, त्यामुळे घरातला प्रश्न काही मिटत नाही. पण "आई, तूच दुष्ट" हे ऐकावं लागत नाही.

सेटिंग_शोधक:
कायदा कशाला हवा? इन्स्टाग्रामने किशोरांची वेगळी खाती आणलीत. रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प, तासाभराने थांबण्याची आठवण, आणि १६ खालच्या मुलांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते.

अकरावी_सायन्स:
आमच्या अर्ध्या वर्गाचं जन्मसाल १९९८ आहे.

साताऱ्याचे_मास्तर:
घ्या!

तरी मला सात-साडेआठपेक्षा रात्रीची काळजी जास्त वाटते. सातला पोरगं फोनवर असलं तरी घरचे आजूबाजूला असतात, जेवणाची हाक असते. रात्री साडेबाराला दार लावून, पांघरुणात चाललेलं कोण बघतं? झोप तिथे जाते आणि नको ते मेसेजही तेव्हाच येतात. दीड तास बंद ठेवून पोरगं मध्यरात्रीपर्यंत जागं राहणार असेल तर त्या भोंग्याचा उपयोग काय?

कोथरूडची_आई:
मास्तर, हे पटलं. मग भोंगा नको, असं करून बघू का: रात्री दहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे आमचेही. ज्या घरांना जमेल त्यांनी सांगा, मी ग्रुपवर विचारते.

वाकडा_विचार:
माझे अमेरिकेचे कॉल साडेदहाला असतात.

कोथरूडची_आई:
कॉल लॅपटॉपवर घ्या, हॉलमध्ये बसून.

वाकडा_विचार:
आणि सकाळचा गजर?

अकरावी_सायन्स:
काका, दीडशे-दोनशे रुपयांत घड्याळ मिळतं. आणून देऊ?

वाकडा_विचार:
आण. पण दहा नाही, अकरा. अकराला मी तयार आहे.