हायस्कूल ग्रॅज्युएशनची पार्टी आणि यजमान पालकांची जबाबदारी : अनुभव धागा

धागा सुरू करताना (एडिसन, न्यू जर्सी)

यंदा जूनमध्ये आमचा धाकटा मुलगा बारावी पूर्ण करतो आहे आणि मागच्या अंगणात तंबू घालून सत्तर-ऐंशी जणांना बोलवावे, असे आम्ही ठरवले आहे. आपल्या मराठी घरांतल्या अशा पार्ट्यांची एक रीतच पडून गेली आहे: मोठी माणसे डेकवर, त्यांच्यासाठी बिअर, वाइन आणि व्हिस्की, तर मुले खाली बेसमेंटमध्ये. खाली कोणी तरी मोठे माणूस असेलच, असे प्रत्येक जण धरून चालतो आणि प्रत्यक्षात तिथे कोणीच नसते. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी मद्याचे किमान वय २१ केले. आपली मुले या वेळी १७-१८ वर्षांची असतात. न्यू जर्सीत अशा मुलांना दारू देणे हा तर गुन्हा आहेच, शिवाय त्यांच्या पिण्यासाठी जाणूनबुजून आपले घर मोकळे करून देणे हाही गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद व १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांनी अशी पार्टी केली आहे त्यांनी काय केले आणि काय चुकले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

मध्य न्यू जर्सीतील एक आई

आमचे जे चुकले, ते लिहिणे मला कर्तव्य वाटते. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या पार्टीत मी दर अर्ध्या तासाला समोसे आणि पिझ्झा घेऊन बेसमेंटमध्ये जात होते, मुले हसत-खेळत होती, कूलरमध्ये बर्फात जिंजर एलचे कॅन दिसत होते. त्या बर्फात हात घालून तळ पाहण्याचे मला सुचले नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास मुलगी वर आली आणि म्हणाली, "आई, तू लगेच खाली ये." बाथरूममध्ये आमच्याच ओळखीच्या कुटुंबातला एक मुलगा टबला टेकून पडला होता. हाक मारली तर डोळे उघडत नव्हते, हात गार पडले होते आणि एका श्वासानंतर दुसरा येईपर्यंत इतका वेळ जात होता की मी मनातल्या मनात आकडे मोजू लागले. त्याचे मित्र म्हणत होते, "काकू, त्याला झोपू द्या, उतरेल." मी त्याला कुशीवर वळवले, उलटी घशात जाऊ नये म्हणून डोके तसेच धरून ठेवले आणि माझ्या मिस्टरांना ९११ ला फोन करायला सांगितले.

फोन करताना त्यांचा हात थांबला होता, हे मी लपवणार नाही. आमच्या ग्रीन कार्डचा अर्ज तेव्हा प्रलंबित होता. पोलीस आले, त्यांनी घर कोणाचे, बाटली कुठून आली, मोठी माणसे कुठे होती, हे सगळे विचारले आणि लिहून घेतले. बाटली आमच्याच वरच्या कपाटातली निघाली. समन्स येईल या धास्तीत आम्ही कित्येक आठवडे काढले. ते आले नाही, पण आले असते तर तक्रार करायला आम्हाला जागा नव्हती. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी गेला. त्याची आई माझा हात धरून एवढेच म्हणाली, "ताई, तुम्ही वाट पाहत बसला नाहीत." मुलांना मात्र आधीच सांगून ठेवा: न्यू जर्सीत २००९ पासून असा कायदा आहे की दारू प्यायलेल्या मित्रासाठी ९११ ला फोन करून तिथेच थांबणाऱ्या आणि सहकार्य करणाऱ्या अल्पवयीन (म्हणजे २१ वर्षांखालील) मुलांवर दारू प्यायल्याबद्दल खटला भरला जात नाही. त्या रात्री आमच्या बेसमेंटमधल्या एकाही मुलाला हे ठाऊक नव्हते.

बोस्टनजवळील एक आई

आमच्याकडे प्रश्न घरातूनच आला. पणजीहून आलेला माझा भाऊ म्हणाला, "ताई, आमच्याकडे अठराव्या वर्षी चालते, पोरांना एकेक बिअर दिली तर काय बिघडते?" गोव्यात १८ हे वय आहे, हे खरेच, पण महाराष्ट्रातसुद्धा बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये दुसऱ्याच्या अल्पवयीन मुलाला आपल्या घरी पिऊ दिले तर २,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मामाने हौसेने दिली, तरी घर माझे आहे. मी सगळ्या बाटल्या खोक्यात भरून गाडीच्या डिकीत ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली. मोठ्यांनी त्या दिवशी पन्हे आणि सोलकढी प्यायली; दोघा-तिघांना ते रुचले नाही, पण कोणी उठून गेले नाही.

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया येथील एक वडील

आमच्या मुलाने पत्ता स्नॅपचॅटवर टाकला आणि चाळीसच्या जागी नव्वद मुले आली. तेव्हापासून धाकटीच्या पार्टीला दारात यादी घेऊन मी स्वतः उभा राहिलो, एकदा बाहेर पडलेल्या मुलाला पुन्हा आत घेतले नाही आणि शेजाऱ्यांना आठवडाभर आधी माझा फोन नंबर देऊन ठेवला. पार्टी दुपारी तीन ते रात्री नऊ अशीच ठेवली, कारण इथे १८ वर्षांखालील मुलांना परवाना मिळाल्यापासून पहिले वर्षभर रात्री ११ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही आणि सोबत मोठे माणूस नसेल तर २० वर्षांखालील कोणाला गाडीत बसवताही येत नाही. उशीर झाला की हा नियम मोडण्याची पाळी आपणच त्यांच्यावर आणतो.

जर्सी सिटीतील एक काका

सगळे मुलांविषयी लिहीत आहेत, म्हणून मोठ्यांविषयी लिहितो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच निकाल दिला आहे की पाहुणा झिंगलेला दिसत असून आणि तो गाडी चालवणार हे माहीत असून यजमानाने त्याला आणखी पाजली, तर पुढे होणाऱ्या अपघाताची भरपाई यजमानाकडे मागता येते. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा भाग आहे. "एवढा एक तरी घ्याच" असे म्हणत जिलबीचे ताट पुढे करणे आणि त्याच सुरात ग्लास पुन्हा भरणे यांत कायद्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे, आणि आपल्याला ते जाणवत नाही. मी आता ओतण्याचे काम एकाच माणसाकडे देतो, जेवण वाढले की बार बंद करतो आणि पार्टीआधी घराच्या विम्यात अशा दाव्याचे संरक्षण किती आहे, हे एजंटकडून लेखी मागवून घेतो. ज्यांचे व्हिसाचे किंवा नागरिकत्वाचे काम चालू आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की नागरिकत्वाच्या अर्जात प्रत्येक अटक सांगावी लागते, मग पुढे खटला निकाली निघालेला असला तरी.

पोर्टलँड, मेन येथील एक आई

आमच्या राज्यात १९८० पासून पालक आणि शाळा मिळून ग्रॅज्युएशनच्या रात्री मुलांसाठी दारूविरहित रात्रभराची पार्टी करतात. आदल्या वर्षी अशाच दिवसांत झालेल्या तरुण मुलांच्या मृत्यूंनंतर ती सुरू झाली. आम्ही घरची पार्टी पुढच्या रविवारी दुपारी ठेवली आणि त्या रात्री शाळेच्या व्यायामशाळेत पहाटे तीन ते सहाची पाळी घेतली. माझ्याकडे दाराजवळचे टेबल होते. सहा वाजता मुले जांभया देत बाहेर आली, तेव्हा प्रत्येकाला न्यायला आलेल्या माणसाच्या नावापुढे मी खूण केली आणि शेवटची खूण झाल्यावर दार लावून घेतले.