गॅल्व्हेस्टनचा निकाल आणि आपण

मंडळी, नमस्कार.

१ ऑगस्ट २०२४ ला पाचव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील कोर्ट) टेक्ससमधल्या आमच्या गॅल्व्हेस्टन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मतदारसंघांच्या नकाशावरच्या खटल्यात १२ विरुद्ध ६ असा निकाल दिला. मंडळाच्या लिस्टवर ढोल-ताशाच्या सरावाच्या मेल्समध्ये बुडून जाऊ नये म्हणून हा मेल वेगळा लिहितोय.

काउंटीचा कारभार चार कमिशनर आणि एक काउंटी जज (नावाला जज, कामाने काउंटीचा प्रमुख) बघतात. प्रत्येक कमिशनर एका प्रिसिंक्टमधून, म्हणजे मतदारसंघातून, निवडून येतो. चारांपैकी फक्त प्रिसिंक्ट ३ मध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मिळून बहुसंख्य होते. स्टीफन होम्स १९९९ पासून तिथले कमिशनर होते. २०२१ च्या नकाशात प्रिसिंक्ट ३ उचलून उत्तरेला, आमच्या लीग सिटीच्या बाजूला आणला आणि जुन्या वस्तीची चार वाटण्यांत फाळणी केली. आता चारही ठिकाणी गोरे बहुसंख्य. जूनटीन्थ (गुलामगिरी संपल्याचा सण) जिथे सुरू झाला, त्या काउंटीत!

पूर्वी असा नकाशा आधी केंद्र सरकारकडून मंजूर करून घ्यावा लागे. २०१२ मध्ये याच काउंटीचा नकाशा न्याय खात्याने अडवला होता. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या शेल्बी काउंटी निकालानंतर ती अटच उरली नाही. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये जज जेफ्री ब्राउन यांनी (नेमणूक ट्रम्प यांची, बरं का) हा नकाशा बेकायदा ठरवला. वरचं कोर्ट, म्हणजे पाचवं सर्किट, म्हणतं, दोन अल्पसंख्य समाजांना एकत्र येऊन मतदान हक्क कायद्याच्या कलम २ खाली (वंशावरून मताची किंमत कमी करायला मनाई करणारं कलम) दाद मागता येणार नाही. टेक्ससमधल्याच बेटाऊन शहराच्या १९८८ च्या खटल्यात अशी एकत्र दाद मागायची मुभा याच कोर्टाने दिली होती.

— लीग सिटीवाले काका

---

काका,

लिस्टवर राजकारण नको असं ठरलंय ना? आणि निकाल इतका चुकीचा वाटत नाही मला. कायद्यात ‘नागरिकांचा वर्ग’ असं एकवचन आहे, निकाल लिहिणाऱ्या जज ईडिथ जोन्स यांनी त्यावरच बोट ठेवलंय. दोन समाजांची मतं कायम एकत्रच पडतील हे कशावरून? शिवाय आपला त्यात काय संबंध?

— शुगर लँडहून

---

अगं, ‘कशावरून’ याचंच उत्तर पुराव्यानिशी द्यावं लागतं. ब्राउनसाहेबांपुढे ते दिलं गेलं, आणि त्यांनी ते मान्यही केलं. आता तो पुरावा ऐकायचाच नाही, असा हा निकाल आहे.

संबंध म्हणशील तर तुझी फोर्ट बेंड काउंटीच बघ. गोरे, लॅटिनो, कृष्णवर्णीय, आशियाई, कुणीच निम्मे नाहीत. आशियाई पाचातला एक, त्यात भारतीय, त्यात आपण! बरं, कलम २ खाली दाद मागायची तर एका मतदारसंघात समाज निम्म्याहून जास्त भरावा लागतो, आणि तो हिशेब मतदानाच्या वयाच्या नागरिकांचा. म्हणजे एच-१बी आणि ग्रीन कार्डवाले वजा. उद्या सिएना किंवा शुगर लँडची वस्ती मधोमध कापली, तर कलम २ खाली एकट्याच्या जोरावर कोर्टात उभं राहता येईल इतके आपण कुठेच नाही. पुण्यातल्या प्रभागरचनेवर कितीही भांडणं होवोत, तिथे निदान राखीव जागा असतात. इथे सगळी भिस्त रेषेवर.

टेक्सस, लुईझियाना आणि मिसिसिपी, तिन्ही राज्यांना हा निकाल लागू.

— काका

---

दोघांनाही,

लिस्टवर बंदी उमेदवाराच्या प्रचाराला आहे, माहितीला नाही. गणपती ७ सप्टेंबरला, मतदार नोंदणीची मुदत ७ ऑक्टोबरला. उत्सवात प्रसादाच्या टेबलाशेजारी नोंदणीचं टेबल मांडता येईल. फक्त डेप्युटी रजिस्ट्रारची (मतदार नोंदणी करून घेणारा स्वयंसेवक) नेमणूक काउंटीगणिक वेगळी घ्यावी लागते. फोर्ट बेंडसाठी दोघं तयार आहेत. हॅरिस आणि गॅल्व्हेस्टनसाठी नावं कळवा. काका, तुमचं धरलंय.

— सचिव